बाळंतिणीच्या घरी डबा नेताना

बाळ घरी आलं की पहिल्या आठवड्यात पेढे, फोन आणि पाहुणे यांना तोटा नसतो. तोटा असतो तो वेळेवर मिळणाऱ्या गरम जेवणाचा, धुतलेल्या लंगोटांचा आणि सलग झोपेचा. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पितं. प्रत्येक वेळी पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि झोपवणं आलं. यातच पाच-सहा तास सहज जातात आणि उरलेल्या वेळेचे तुकडे होतात. त्या तुकड्यांत स्वयंपाक बसत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत याच अडचणीवरचा उपाय होता. आई, आजी, काकू आणि शेजारच्या दोघीजणी मिळून बाळंतिणीचा सव्वा महिना काढून द्यायच्या. आज अनेक घरांत आजी स्वतः नोकरी करते किंवा तिचे गुडघे दुखतात. लेक पुण्यात आणि माहेर नांदेडला, किंवा लेक बंगळुरूला आणि माहेर चिपळूणला असतं. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी आईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बाबाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत मात्र त्याच्यासाठी असा कायदाच नाही, सगळं कंपनीच्या धोरणावर. त्यामुळे पुष्कळ घरांत बारसं आटोपलं की बाबा कामावर जातो आणि टाके न सुकलेली आई दिवसभर बाळाजवळ एकटी उरते.

अशा वेळी शेजारी, मैत्रिणी, मावशी-आत्या आणि ऑफिसातले सहकारी खूप काही करू शकतात. मन सगळ्यांचंच असतं, घोडं अडतं ते पद्धतीपाशी. म्हणून एकच कसोटी लक्षात ठेवा: आपण गेल्याने त्या घरातलं एक काम कमी झालं पाहिजे, आणि ते काम लक्षात ठेवण्याचा भारही कमी झाला पाहिजे. पुढचं सगळं या कसोटीवर घासून बघा.

आधी विचारा, पण नेमकं विचारा

“काही लागलं तर सांग हं” असं आपण मनापासून म्हणतो. पण त्यामुळे बाळंतिणीवर तीन कामं पडतात. काय हवं ते तिने ठरवायचं, कोणाकडे मागायचं ते ठरवायचं आणि संकोच गिळून फोन करायचा. बहुतेक जणी तो फोन करत नाहीत. त्यापेक्षा ठरलेला दिवस आणि ठरलेला पदार्थ घेऊनच बोला. “मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तुमच्या घराचं जेवण माझ्याकडे. मुगाची खिचडी-कढी आणू, की भाकरी आणि मेथीची भाजी?” याला एका शब्दात उत्तर देता येतं.

हा प्रश्न शक्यतो तिला विचारू नका. तिचा नवरा, बहीण, सासूबाई, जे घर सांभाळत असेल त्यांना विचारा. आणि त्याच बोलण्यात एवढं समजून घ्या:

- जेवायला माणसं किती? आजी-आजोबा, थोरलं मूल, रात्री थांबणारी मावशी, सगळी धरून.
- डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलंय का? गरोदरपणात साखर वाढली असेल तर लाडू-खिरीचा विचार वेगळा करावा लागतो, रक्तदाब असेल तर मिठाचा.
- कशाची ॲलर्जी आहे का? घरात कांदा-लसूण, अंडी, मासे चालतात का?
- घरात सोयर पाळतात का? काही घरांत पहिले दहा दिवस खाण्यापिण्याचे आणि देवाचे नियम असतात. तुम्ही पाळत नसलात तरी त्यांच्या घरात त्यांचा नियम.
- डबा किती वाजता आणि कोणाच्या हातात द्यायचा? फ्रिजमध्ये जागा आहे का?

घरात सासूबाई किंवा आई बाळंतपण करत असतील तर स्वयंपाकघर त्यांचं आहे याची जाण ठेवा. “तुम्हाला जमत नाही म्हणून मी आणते” असा सूर चुकूनही लागता कामा नये. “काकू, आज तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहायचं नाही, तुमच्यासाठी सुद्धा आणलंय” असं म्हटलंत की दारातलं वातावरण बदलतं. रात्री बाळ घेऊन फेऱ्या मारणारी आजीही तितकीच दमलेली असते, तिची विचारपूस करणारं मात्र कोणी नसतं.

डब्यात काय असावं

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी जास्त लागतात. कॅल्शियमची गरज दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत जाते आणि प्रथिनंही वाढीव लागतात. म्हणजे नेहमीच्या दोन जेवणांखेरीज तिला एखादं लहान जेवण आणि दोन वेळचं पौष्टिक खाणं मिळायला हवं. आपण मात्र बहुतेक वेळा गोडच नेतो. चार घरांतून चार डबे लाडू येतात आणि दुपारच्या भाजीचा पत्ता नसतो.

म्हणून डबा साधा पण पूर्ण असू द्या: एक धान्य, एक डाळ किंवा उसळ, एक भाजी, थोडं तूप, आणि जमलं तर ताक किंवा दही. देशावरच्या घरात ज्वारी-बाजरीची भाकरी, शेपूची किंवा मेथीची भाजी, लसूण घातलेलं वरण आणि लाल भोपळ्याची भाजी आवडीने खाल्ली जाते. कोकणात मऊ भात, पेज, कुळथाचं पिठलं. मासे खाणाऱ्या घरात अंगावरचं दूध वाढावं म्हणून मोरी मासा मुद्दाम शोधून आणतात. मांसाहार चालत असेल तर उकडलेली अंडी, पायाचं सूप, व्यवस्थित शिजलेलं मटण यांनी मोठी सोय होते. तिखट आणि तेल बेताचं ठेवा आणि चटणी वेगळी द्या, म्हणजे घरातले बाकीचे वरून घेतील.

पथ्याचा विषय नाजूक आहे. एका घरात बाळंतिणीला भात चालत नाही, दुसऱ्या घरात वांगं, तिसऱ्या घरात केळं. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने बाळंतिणीने सरसकट काही सोडण्याची गरज नसते. चौरस आहार, भरपूर पालेभाज्या, फळं आणि पाणी हवं. पण डबा हातात घेऊन उंबऱ्यात वाद घालू नका. दोन्ही बाजूंना चालेल असं आणा: मुगाचं वरण, दुधी, भाकरी, तूप-मेतकूट-मऊ भात. मात्र बाळंतिणीचं पाणी कोणी तोडत असेल तर ते शांतपणे आणि जरूर बोला. दूध पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते, आणि पाणी कमी पडलं तर टाके असताना बद्धकोष्ठाचा त्रास वाढतो.

लाडू आणि खीर

डिंक, अळीव, मेथी, खारीक, खसखस, सुंठ, शेपा ही बाळंतिणीच्या खाण्यातली आपली पूर्वापार मंडळी. ती न्यायचीच असतील तर नीट करून न्या.

डिंकाच्या लाडवात सगळं लक्ष तळणीवर हवं. डिंक कोरडा आणि बारीक खड्यांचा घ्या. मोठा खडा बाहेरून फुलतो, पण आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. तूप मध्यम तापलं की एका वेळी चिमूटभरच टाका. खडे टपटप फुलून पांढरे होतात. एक उचलून बोटांनी दाबा. त्याचा लगेच चुरा झाला तर तळण बरोबर आहे, मधे कडक कण लागला तर आच कमी करा आणि आणखी थोडे थांबा. भाजलेलं सुकं खोबरं, खारकेची पूड, खसखस, गोडंबी आणि जायफळ यांत हा चुरा मिसळा. गूळ फक्त विरघळेपर्यंत तापवा. पाक पुढे गेला तर लाडू इतका टणक होतो की बाळंतिणीला तो फोडायला वरवंटा लागेल. आकार लिंबाएवढा ठेवा, म्हणजे सकाळी दुधाबरोबर एक पुरेसा होतो.

अळिवाच्या खिरीला एका वाटीमागे चहाचा एक चमचा अळीव पुरतात. ते पाण्यात किंवा नारळाच्या पाण्यात तासभर भिजवले की चांगले फुगतात. मग दुधात घालून मंद आचेवर शिजवा. गूळ घालायची घाई करू नका. गॅस बंद करून खीर जरा निवली की मगच चिरलेला गूळ घाला, नाहीतर दूध फाटतं. अळिवात लोह चांगलं असतं. तरीही खीर लोहाच्या गोळ्यांची जागा घेत नाही. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी, असं सरकारी कार्यक्रमातच सांगितलेलं आहे. “गोळी घेतलीस का?” एवढं विचारणंही मदतच. ओल्या नारळातले अळिवाचे लाडू फार टिकत नाहीत. ते फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत असं डब्यावर लिहूनच द्या.

आणखी एक खाणं हमखास विसरलं जातं: एका हाताने खाता येईल असं. पाजताना तिचा एक हात अडकलेला असतो आणि भूक नेमकी तेव्हाच लागते, कधी पहाटे तीन वाजता. गुंडाळलेली पोळी, लहान थालीपिठं, कोथिंबिरीच्या वड्या, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले मखाणे, सोलून-चिरून ठेवलेलं फळ आणि झाकणाची पाण्याची बाटली, हे सगळं एका लहान टोपलीत भरून ती जिथे बसून पाजते तिथे हाताशी ठेवून द्या. ओवा, बाळंतशेपा, तीळ आणि किसलेलं खोबरं भाजून केलेली सुपारीही त्यातच जाऊ द्या.

भांडी, चिठ्ठी आणि वेळ

आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही अशी रीत आहे. रीत सुंदरच आहे, पण बाळंतिणीच्या घरी तिचा भार होतो. म्हणून शक्यतो परत करावा न लागणारा डबा वापरा. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे स्वच्छ धुतलेले डबे चालतात, फक्त गरम पदार्थ स्टीलच्या भांड्यात द्या. स्टीलचा डबा नेलात तर सांगून टाका, “पुढच्या वेळी येईन तेव्हा मीच घेऊन जाईन, धुवायचाही नाही आणि भरायचाही नाही.”

झाकणावर कागदी पट्टी चिकटवा आणि तीन गोष्टी लिहा: पदार्थ, केल्याची तारीख, कसं गरम करायचं. रात्रभर जागलेल्या माणसाला फ्रिज उघडल्यावर कोणतं वरण कालचं हे आठवत नाही. शिजलेला भात आणि वरण दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. गरम करताना वाफ येईपर्यंत गरम करावं.

वेळ सांगितली असेल तर पाळा. साडेसातला डबा येणार म्हणून थांबलेल्या घरी तो नऊला पोहोचला तर आजींनी तोवर कुकर लावलेला असतो. दारावरची बेल वाजवू नका, मेसेज करा: “खाली आलेय, दाराशी ठेवू की आत येऊ?” आणि “ठेवून जा” असं उत्तर आलं तर मनाला लावून न घेता ठेवून निघा.

डब्याची पाळी लावा

एकट्याने रोज डबा देणं कोणालाच झेपत नाही, आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात देऊन काही उपयोग होत नाही. म्हणून पाळी लावा. इमारतीतल्या, ऑफिसातल्या किंवा मैत्रिणींच्या गटातल्या एकीने अथवा एकाने पुढाकार घ्यायचा. बाळंतिणीला त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेऊ नका, तिच्या घरच्या एकाच माणसाशी बोला.

एक दिवसाआडचा डबा बहुतेक घरांना पुरतो, कारण आदल्या दिवशीचं थोडं उरतं. कोणी काय आणणार ते आधी लिहून ठेवा, म्हणजे सलग तीन दिवस खिचडी होणार नाही. पाळी पहिल्या आठवड्यात सुरू करण्याची घाई नको, तेव्हा घरात माणसं असतात. बाबा कामावर जाईल आणि आजी गावी परततील त्या तारखा विचारून घ्या आणि जास्त डबे तिथे ठेवा. पाळी सहा आठवड्यांपर्यंत तरी चालू द्या.

ज्यांना स्वयंपाक येत नाही किंवा वेळ नाही त्यांनी बाजूला राहायचं कारण नाही. ओळखीच्या पोळी-भाजी केंद्रात महिन्याचे पैसे भरून रोजच्या दहा पोळ्या घरपोच सुरू करा. पोळ्या आयत्या मिळाल्या की अर्धा स्वयंपाक सुटतो. भांड्यांच्या मावशींचा एक महिन्याचा पगार चार मित्रांनी वाटून घ्या. झबली-टोपडी आणि चांदीचा वाळा सगळेच देतात, बाळंतविड्यात ही भेटही बसते. गावाहून आईने डिंकाचे लाडू पाठवले असतील तर एसटी स्टँडवरून किंवा कुरियरच्या ऑफिसातून पार्सल आणून द्या. परदेशात, जिथे आईच्या व्हिसाची वाट बघण्यात बाळ महिन्याचं होतं, तिथे तर मराठी मंडळातल्या चार घरांनी मिळून लावलेली पाळी हाच माहेरचा आधार असतो.

आत गेलात तर

भेट वीस मिनिटांची ठेवा. गेल्या गेल्या साबणाने हात धुवा. सर्दी, खोकला, ताप, जुलाब, ओठावर पुरळ यांपैकी काहीही असेल तर डबा दुसऱ्याच्या हाती पाठवा. मोठ्या माणसाचा साधा खोकला नवजात बाळाला रुग्णालयात नेऊ शकतो. बाळाच्या तोंडाचा, हाताचा पापा घेऊ नका. बाळ मागून घेऊ नका, आई देईल तेव्हा घ्या. फोटो काढायचा तर विचारून, आणि तो तुमच्या स्टेटसवर न टाकता.

चहाला “नको” म्हणा. अगदीच आग्रह झाला तर स्वतः ओट्यापाशी जा, सगळ्यांना चहा करा आणि कप विसळून ठेवा. मग विचारा, “मी अर्धा तास आहे. तू अंघोळीला जातेस, की मी कपडे घडी करू?” उत्तर येण्याची वाट न बघता करता येतील अशीही कामं असतात: सिंकमधली भांडी, दोरीवरचे लंगोट, कचऱ्याची पिशवी. जुलै-ऑगस्टमध्ये लंगोट आणि दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तुमच्या घरी ड्रायर किंवा मोकळी गॅलरी असेल तर बादली उचलून न्या आणि संध्याकाळी वाळलेले, घडी केलेले कपडे आणून द्या.

थोरलं मूल असेल तर त्याला वेळ द्या. त्याला बागेत न्या, शाळेच्या बसपर्यंत सोडा, गृहपाठ घ्या. येताना बाळाबरोबर त्याच्यासाठीही एखादं चित्रांचं पुस्तक आणा. सगळे बाळाकडे धावत असताना त्याचं नाव घेऊन हाक मारणारं एक माणूस त्याला हवं असतं.

बाहेरची कामं तर कोणीही करू शकतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर नोंद बहुधा तिथूनच जाते, पण दाखला आणायला पालिकेच्या कार्यालयात खेटे पडतात. बाळाचं नाव नंतर, बारा महिन्यांच्या आत, शुल्क न भरता घालता येतं, त्यामुळे नाव ठरलं नाही म्हणून नोंद अडवून ठेवू नये. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी यांचे पहिले डोस जन्मल्यावर लगेच होतात. पुढच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी असतात. त्या तारखा तुमच्या फोनमध्ये टाका आणि आदल्या दिवशी विचारा, “उद्या गाडी घेऊन येऊ का?”

सल्ला देताना

मदतीबरोबर सल्ला फुकट मिळतो आणि दहा जणांचे दहा सल्ले ऐकून नवी आई गोंधळते. विचारल्याशिवाय न बोलणं हे सगळ्यांत सोपं. मात्र काही गोष्टी तुमच्या हातून होऊ देऊ नका आणि दिसल्या तर घरातल्या मोठ्यांशी प्रेमाने बोला. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध पुरतं. वरचं पाणी, गुटी, साखरपाणी नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, कारण त्यातून बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. नाळेवर काही लावू नये, ती कोरडी ठेवावी. नाकाकानात तेल आणि डोळ्यांत काजळ घालू नये. शेक-शेगडीची ऊब घ्यायची असेल तर धूर नको. बंद खोलीतला कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक आहे. मालिश करणाऱ्या मावशींचे हात स्वच्छ, नखं कापलेली आणि अंगठ्या काढलेल्या असाव्यात.

काही प्रश्न विचारूच नका: “दूध पुरतंय का?”, “नॉर्मल की सीझर?”, “रंग कोणावर गेलाय?”, “किती वजन वाढलंय तुझं!” आणि मुलगी झाली म्हणून “असू दे, पुढच्या वेळी” हे तर कोणाच्याही तोंडी येऊ नये. त्याऐवजी म्हणा, “तू जेवलीस का? काल रात्र कशी गेली?” आणि मग ती बोलेल ते ऐका.

लक्ष ठेवण्याच्या खुणा

घरी जाऊन बघणाऱ्या माणसाचं महत्त्व महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती देखभालीचं शिक्षण दिलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. पुढे त्याच धर्तीवर देशभर आशाताई घरोघरी जाऊ लागल्या. रुग्णालयात जन्म झाला असेल तर त्यांच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. गावात असाल तर त्या आल्या का ते विचारा, आल्या नसतील तर निरोप पाठवा.

डबा घेऊन जाणाऱ्यालाही काही खुणा ठाऊक असाव्यात. बाळ पीत नसेल, मलूल असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त होत असेल, झटका आला असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर घरी काही करत न बसता डॉक्टरांकडे न्या. आईला तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, घाण वास येणारा स्राव, तीव्र डोकेदुखी आणि अंधूक दिसणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा धाप, यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा.

मनाचंही तसंच. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, कशातच रस नसेल, “मला नाही जमणार” हेच पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. “एवढं गोड बाळ आहे, रडतेस काय” असं म्हणू नका. तिच्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्या आणि बरोबर जा. सरकारची ‘टेलीमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जिथे कोणी डबा नेत नाही

काही घरं आपल्या नजरेतून सुटतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल आणि काचेच्या पेटीत असेल, तर अभिनंदन करावं की गप्प राहावं हे न कळून लोक लांब राहतात. त्या आईबाबांना दिवसातून दोनदा रुग्णालयाच्या बाकावर जेवायचं असतं. डबा तिथे न्या. बाळाचं वजन, यंत्रं यांची चौकशी करू नका, “उद्या दुपारी पुन्हा आणते” एवढं सांगून निघा. मूल दत्तक घेतलेल्या घरातही रात्री तितक्याच जागरणाच्या असतात. तिथे बाळंतपण झालेलं नसतं म्हणून कोणी मदतीचं नाव काढत नाही.

आणि आपल्याच घरी धुणं-भांडी करणारी ताई बाळंत होते तेव्हा? २६ आठवड्यांची पगारी रजा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. काम सुटेल या भीतीने ती पंधराव्या दिवशी आपल्या ओट्यापाशी उभी राहते. तिला आधीच सांगा: काम तुझंच राहील आणि सुट्टीतला पगार मिळेल. इमारतीतल्या चार घरांनी मिळून तो वाटून घेतला तर कोणाला जड जात नाही. तिच्या वस्तीत डबा पोहोचवा. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००. तो अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे जाऊन भरायला तिच्याबरोबर बसा. खाण्याची गरज तिच्या शरीरालाही तेवढीच आहे आणि विश्रांतीचा हक्कही तेवढाच.

सव्वा महिना संपला, बारशाची माणसं पांगली, फोन थांबले की घर खऱ्या अर्थाने एकटं पडतं. साधारण याच सुमाराला बाळाचं संध्याकाळचं रडणं शिगेला पोहोचतं. म्हणून तुमच्या ओळखीत कोणाच्या घरी बाळ आलं असेल तर कॅलेंडरवर दोन खुणा करा, एक या आठवड्यातली आणि एक दोन महिन्यांनंतरची. पहिल्या तारखेला सगळेच जातील. दुसऱ्या तारखेला तुम्ही जा, वरण-भात-भाजीचा साधा डबा घेऊन, तास-दोन तासांची सवड काढून. तेवढ्या वेळात ती निवांत जेवेल आणि झोपेल, आणि तिला काहीही मागावं लागलेलं नसेल.